माकणीची द्राक्षं आणि तुळजापूरचं कुंकू

पुण्याहून निघताना आमच्या गाडीत दोन बॅगा होत्या, बहिणीसाठी घेतलेली बाकरवडी होती आणि माझ्या डोक्यात जागतिक व्यापाराविषयी काही ठाम मतं होती. बॅगा आणि बाकरवडी माकणीला सुखरूप पोचल्या. मतांची मात्र वाटेत थोडी पडझड झाली.

ही मतं आमच्या सोसायटीच्या बाकावर तयार झालेली. संध्याकाळी मी आणि जोशीकाका तिथं बसतो आणि जगाचा कारभार मार्गी लावतो. देशादेशांच्या व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या ज्या मोठमोठ्या संस्था आहेत, त्या म्हणजे पांढरे हत्ती, असं आमच्या बाकाचं एकमत होतं. जिनिव्हाला तलावाकाठी इमारत, रोमला खाण्यापिण्याच्या नियमांसाठी दुसरी इमारत, आत बैठकांमागून बैठका, बाहेर चकचकीत गाड्या. आधार म्हणाल तर वर्तमानपत्रातले दोन लेख. त्यातला एक मी अर्धा वाचला होता.

अशात धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा फोन आला. तिचं सासर धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातल्या माकणीला, निम्न तेरणा धरणाच्या जवळ. "दादा, आमची द्राक्षं यंदा पहिल्यांदाच युरोपला चाललीत. तोडणीला या दोघं," असं ती म्हणाली. आजवर दाजींचा (म्हणजे सुनंदाच्या नवऱ्याचा, दत्तात्रयरावांचा) माल बांधावरच व्यापारी उचलायचा, नाहीतर बेदाण्याला जायचा. या वर्षी सगळी बाग परदेशाच्या नियमांनुसार वाढवली होती आणि तपासणीचा नमुना पास झाला होता. आता फक्त तोडून उमरग्याजवळच्या पॅकिंगच्या शेडवर पोचवायची. तिथं माल पसंत पडला तर बाग त्यांच्या यादीत कायमची लागणार. नाही पडला तर पुन्हा बेदाणा.

सोलापूर मागे पडलं तशी हवा कोरडी आणि उजेड लख्ख झाला. तुळजापूरला थांबलो. देवीचं दर्शन झाल्यावर आमच्या सौभाग्यवतीला, वसुधाला, सुनंदाच्या सासूसाठी कुंकू घ्यायचं होतं. कवड्यांच्या माळा टांगलेल्या एका दुकानात दुकानदारानं बोटावर कुंकू घेऊन माझ्याच शर्टाच्या बाहीला टेकवलं आणि म्हणाला, "लई पक्कं हाय. धुतलं तरी जायाचं न्हाय." गिऱ्हाईकाचा शर्ट खराब करून माल विकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. प्रभावित होऊन मी एकाच्या ऐवजी दोन पुड्या घेतल्या. एक वसुधानं पर्समध्ये ठेवली, एक माझ्या खिशात राहिली. प्रवासात माझ्या खिशात काही राहिलं की त्याचं पुढं काहीतरी होतंच, असा वसुधाचा अनुभव आहे.

लोहाऱ्याकडं वळल्यावर दोन्ही बाजूंना काळी रानं लागली. कुठं हरभरा काढून झालेला, कुठं ज्वारीची ताटं आडवी पडलेली. भूकंपानंतर नव्यानं वसवलेली गावं सरळ रेषेत आखल्यासारखी दिसत होती. दुपार कलता कलता माकणी आली. अक्का, म्हणजे सुनंदाच्या सासूबाई, दारातच उभ्या होत्या. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकल्यावरच आम्हाला आत घेतलं. जेवायला येसर (भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ घालून केलेली झणझणीत आमटी), ज्वारीची कडक भाकरी आणि वर कच्चं तेल सोडलेली शेंगदाण्याची चटणी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कांना वाटलं, पाव्हण्यांना बहिणीला बघून भरून आलं. मी तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बागेकडं निघालो. घाईत मी कालचाच शर्ट अडकवला होता. फाटकावर पाटी होती आणि पाटीवर बागेचा क्रमांक. फाटकाच्या आत हात धुवायचं बेसिन, साबण, प्रथमोपचाराची पेटी आणि थोडं पलीकडं बायकांसाठी स्वच्छतागृह. भर रानात, तेही कुलूप न लावलेलं. मी थट्टेनं म्हणालो, द्राक्षं खाणाऱ्यांची एवढी बडदास्त? सुनंदा म्हणाली, खाणाऱ्यांची नाही, तोडणाऱ्यांची. नियमात आहे. रानात बायांसाठी सोय नसेल तर त्या रानाचा माल तिकडं जात नाही.

"आणि दादा, ह्यांची तंबाखू सुटली बघ. बागेत तंबाखू खायची नाही, असा नियम. मी लग्न झाल्यापासून सांगत होते, तर कानामागं टाकत होते. शेवटी जगातल्या देशांना एकत्र बसावं लागलं."

दाजी हसले. मोजकं बोलणारा उंच माणूस. त्यांचं म्हणणं असं, की काही नियम देशांचे असतात, काही तिकडच्या खरेदीदारांचे, आपल्याला सगळे सारखेच पाळावे लागतात. पण मुळाशी एकच गोष्ट आहे. कुठलं औषध फळात किती राहिलं तर चालतं, हे कुणा एकाच्या मर्जीवर ठेवायचं नाही. शास्त्रज्ञ मोजतात, देश एकत्र बसून ठरवतात, आणि ज्याला अजून कडक व्हायचंय त्यानं कारण दाखवायचं. त्यांनी मला दुर्बिणीसारखी एक लहान नळी दिली. तिच्या काचेवर द्राक्षाचा रस टाकून उजेडाकडं धरलं की आत गोडीचा आकडा दिसतो. मी ती उलटी धरली आणि मला दाजी फार लांब दिसले.

मी बाकावरची मतं थोडी पुढं सरकवली. त्या संस्था बड्या देशांपुढं नमतात, त्यांचं तंटे सोडवणारं वरचं न्यायमंडळ तर माणसं नेमली नाहीत म्हणून किती वर्षं रिकामं पडलंय, वगैरे. दाजींनी ते नाकारलं नाही. एक घड हातानं वर उचलून, मण्यांवरची पांढुरकी साय न पुसता, नीट न्याहाळला आणि म्हणाले, "पंच उठून गेले म्हणून बांध हलतो का, पाव्हणं? लोहाऱ्याच्या बाजारात पयलं ज्येचं माप त्येचंच असायचं. व्यापाऱ्याचं माप मोठं आन् आमचं पोतं ल्हान. सरकारी शिक्क्याची वजनं आली तवा आमाला कळलं, आमी किती पिकवतो त्ये."

वजनांचा विषय बहुधा लेखाच्या न वाचलेल्या अर्ध्यात असावा. मी द्राक्ष खाल्लं.

तोडणीआधी पूजा. इथं एक रीत नव्यानं बसवलेली दिसली. नारळ, हळदकुंकू, सगळं काही बागेच्या बाहेर, बांधावरच्या दगडापाशी. अक्कांनी दगडाला मळवट भरला, नारळ फोडला आणि सगळ्यांना बेसिनवर हात धुवायला लावले. वेलींना कुंकू नाही, क्रेटला नाही. अक्का म्हणाल्या, देवी बांधावरनंबी बघती. मीही हात धुतले, अगदी कोपरापर्यंत. फक्त खिशातल्या पुडीचा मला विसर पडला होता.

बायका बोथट टोकाच्या कात्र्या घेऊन ओळींत शिरल्या. घड देठाला धरून कापायचा, अलगद क्रेटमध्ये ठेवायचा. प्रत्येक क्रेटला चिठ्ठी, तिच्यावर बागेचा क्रमांक आणि ओळीचा. भरलेले क्रेट शेडमध्ये ताडपत्रीखाली जात होते. मीही एक कात्री मागितली. थोड्या वेळात सुनंदानं ती प्रेमानं काढून घेतली.

टेम्पो लागला तेव्हा दाजी म्हणाले, पहिली थप्पी (एकावर एक रचलेले क्रेट) पाव्हण्यांच्या हातची. बहिणीच्या घरचा मान. मी क्रेट चढवले, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, आणि वसुधानं फोटोसाठी मोबाइल वर केला. त्या क्षणी मला खिशातली पुडी आठवली. आमच्या घराण्यात नव्या स्कूटरला कुंकू लावतात, फ्रीजला लावतात, मुलीच्या लॅपटॉपलासुद्धा लावलं आहे. मग समुद्रापार निघालेल्या पहिल्या मालाला नाही लावायचं? मी पुडी उघडली आणि चिमटीत कुंकू घेऊन एकेका क्रेटवर बोट टेकवत गेलो. धरणाकडून वारा आला. थोडं कुंकू क्रेटच्या फटींतून आत उडालं. दाजी शेडच्या मागं होते, सुनंदा आणि अक्का चहा गाळत होत्या. जवळच्या एका बाईनं पाहिलं, तिनं हात जोडले. देवीच्या कुंकवाला नको कोण म्हणणार? वसुधा एवढंच म्हणाली, "पुरे आता, घरी गेल्यावर फ्रीजला लावा."

टेम्पो भरला. आम्ही मागोमाग गाडीनं उमरग्याकडं निघालो. हैदराबादच्या रस्त्यावर आलो की ट्रकांची रांग सुरू होते. ढाबे, पंक्चरची दुकानं, कानडी पाट्यांचे ट्रक. त्या गदारोळातून आत वळल्यावर पॅकिंगची शेड एकदम शांत आणि थंड. दारातल्या भिंतीवर ओळीनं खुंट्या होत्या, प्रत्येक खुंटीखाली एकीचं नाव, आणि खुंट्यांवर काचेच्या बांगड्या. हिरव्या, लाल, चमकीच्या. आत काच न्यायची नाही. सुनंदानं मला त्याची गोष्ट सांगितली. सुरुवातीला एकही बाई तयार होईना. सवाष्णीनं हात मोकळे ठेवायचे म्हणजे काय? अक्का तर गावातून इथं कामाला येणाऱ्या बायकांबरोबर निरोप पाठवायच्या, की कोण हे साहेब, त्यांना बायका न्हाइत काय. मग इथल्या गुणवत्ता तपासणाऱ्या मॅडम, शबाना शेख, उमरग्याच्याच, कृषी पदवीधर, त्यांनी सगळ्यांच्या देखत आपल्या लग्नातल्या बांगड्या पहिल्या खुंटीला अडकवल्या. आणि असं ठरलं, की बांगड्या काढल्या असं कुणी म्हणायचंच नाही. खुंटीला सांभाळायला दिल्या, म्हणायचं. वसुधानंही आपल्या सांभाळायला दिल्या. आम्ही पांढऱ्या टोप्या घातल्या. मला टोपीत पाहून सुनंदा तोंड फिरवून हसू दाबत होती.

शबाना मॅडम तिशीतल्या, बारीक, आवाज हळू. टेम्पोच्या मागच्या बाजूचे क्रेट उतरून एकेक करून पांढऱ्या दिव्याखाली येत होते. त्या घड उचलत, फिरवत, मान हलवत. दाजी भिंतीला टेकून उभे होते आणि नुसते त्यांच्या मानेकडं बघत होते. शेवटाला, सगळ्यात आतली, म्हणजे पहिली चढवलेली थप्पी आली. मॅडमचा हात थांबला.

"दत्ताकाका, हे लाल काय आहे?"

सुनंदाला वाटलं, कुणाचं बोट कापलं. रक्त म्हणजे तर संपलंच. दाजी पुढं आले, वाकून पाहिलं. "आमच्या बागंत लाल काईच न्हाय, मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांचा उतरलेला आवाज ऐकून मी मान खाली घातली, तर मला माझी बाही दिसली. तुळजापूरचा डाग.

मी म्हणालो, "ते कुंकू आहे. मी लावलंय."

मॅडमनी हाताच्या इशाऱ्यानं काम थांबवलं. माकणीचा माल वेगळा ठेवला गेला, नुकता पसंत झालेला देखील. त्यांनी मला रागावून नाही, पण सरळ विचारलं, किती क्रेटना लावलं?

"या पहिल्याच थप्पीला. बहुतेक."

"काका, बहुतेक चालत नाही. हा रंग खाण्यात चालणारा नाही. तिकडं एका डब्यात सापडला तर ते आपला एक डबा बाजूला करणार नाहीत, अख्खा कंटेनर थांबवतील. त्यात अजून किती जणांची द्राक्षं आहेत."

कंटेनर त्याच दिवशी भरून बंदरावर निघायचा होता. नक्की सांगता आलं नाही तर दाजींचा सगळा टेम्पो परत. दाजी माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी टोपी काढली, घडी घातली, पुन्हा घातली.

तेवढ्यात वसुधा म्हणाली, "फोटो आहे ना."

तिनं मोबाइल पुढं केला. फोटोत मी एखाद्या पुजाऱ्यासारखा प्रसन्न हसतो आहे, हातात उघडी पुडी, मागं टेम्पोत फक्त एक थप्पी. बाकी सगळा टेम्पो रिकामा. कोपऱ्यात शेड दिसते आहे आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेले बाकीचे क्रेट. मॅडमनी फोटो मोठा केला, पुढच्या क्षणाचाही पाहिला. त्यात मी पुडी मिटून खिशात घालतो आहे आणि टेम्पोत तेवढीच थप्पी आहे. मग त्यांनी त्या थप्पीच्या चिठ्ठ्या पाहिल्या. सगळ्या बागेच्या पहिल्याच ओळीच्या. त्यांनी वरिष्ठांना फोन केला, फोटो पाठवले, आणि निर्णय सांगितला. ती थप्पी बाद. टेम्पोत तिला लागून जे क्रेट होते तेही बाद, कारण त्यांना धूळ लागली असू शकते. उरलेला प्रत्येक क्रेट पुन्हा दिव्याखाली.

आम्ही बाहेर ओसरीत बसलो. चहा आला, कुणी घेतला नाही. मला प्रथमच त्या लांबच्या इमारतींतल्या लोकांची बाजू कळू लागली. हे सगळं ठरवणाऱ्याला माकणी माहीत नाही, दाजी माहीत नाहीत, माझं कुंकू तर नाहीच. तरी त्यानं असं काही लावून ठेवलंय, की माझ्यासारख्या माणसानं घोळ घातला तर घोळ तेवढाच कापून काढता यावा आणि बाकीची बाग वाचावी. चिठ्ठी नसती तर सगळी द्राक्षं सारखीच दिसली असती, आणि सगळीच गेली असती.

दाजी म्हणाले, "तुमी खरं बोल्लात म्हणून बरं झालं."

सुनंदा म्हणाली, "बाहीवर डाग नसता तरी बोलला असता का, विचारा."

मी बाही दुमडून घेतली. दाजी त्या दिवसात पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

शबाना मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावरूनच कळलं. बाकी माल पसंत. एक मणीही परत नाही. दाजी उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मॅडमच्या हातात कागदाची छोटी घडी होती. बाद झालेल्या घडांवरचं आणि क्रेटवरचं कुंकू त्यांनी ओल्या कागदानं पुसून घेतलं होतं. ती घडी त्यांनी वसुधाच्या ओंजळीत ठेवली. "देवीचं आहे, काकू. कचऱ्यात कसं टाकू? घरी तुळशीत टाका." मग त्यांनी पहिल्या खुंटीवरच्या आपल्या बांगड्या उतरवल्या, मनगटात भरल्या आणि घरी निघाल्या.

परतताना बाद क्रेट आमच्या गाडीत आले. दाजी म्हणाले, धुऊन खावा, द्राक्षं तीच हायत. मी विचारलं, तुम्ही घरच्यासाठी वेगळी बाग ठेवता का, परदेशाची वेगळी? त्यांना प्रश्नच कळेना. औषध एकदा हिशोबात मारायला शिकलेला माणूस दुसऱ्या ओळीत बेहिशोबी कशाला मारेल? आपली लेकरं त्याच वेलीखाली हिंडतात. हे ऐकल्यावर मला वाटलं, रोमच्या त्या बैठकीत जे ठरलं त्यातला थोडा हिस्सा माकणीच्या लेकरांच्या ताटात आधीच येऊन पडलाय, आणि आम्ही बाकावर बसून हत्ती मोजत होतो.

अक्कांनी निघताना मला कुंकू लावलं. बागेच्या बाहेर, बांधावर.

पुण्यात जोशीकाकांना द्राक्षं दिली. त्यांनी सवयीनं मिठाच्या पाण्यात बुडवली, पाणी ओतलं, पुन्हा बुडवली. मी म्हणालो, युरोपच्या पसंतीची आहेत, इतकी धुवायची गरज नाही. मग कुंकू आठवलं आणि म्हणालो, धुवा, धुवा, आणखी एकदा धुवा. संस्थांचा विषय त्या दिवशी बाकावर निघाला नाही. निघाला असता तर मला पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

काही आठवड्यांनी दाजींचा फोन आला. कंटेनर पोचला, तिकडची तपासणी झाली, माल दुकानात लागला, बाग यादीत राहिली. "फुडल्या साली तोडणीला या, पाव्हणं," ते म्हणाले, "पूजेचा मान तुमचाच. फकस्त खिसे नसलेला शर्ट घाला."

कुंकवाचा तो खिशावाला शर्ट मी अजून घालतो. बाहीवरचा डाग कशानंही गेलेला नाही. तुळजापूरच्या दुकानदाराचा शब्द खरा निघाला.

एक रिकामा क्रेट आमच्या बाल्कनीत आहे. वसुधा त्यात कोथिंबीर लावते. परवा मी तो साफ करताना चिठ्ठी काढायला गेलो, तर तिनं हात धरला. चिठ्ठीवर अजून वाचता येतं, बागेचा क्रमांक आणि पहिली ओळ.

"राहू दे," ती म्हणाली. "या घरात कुठून आली ते नक्की माहीत असलेली एवढी एकच वस्तू आहे."